आमचीं हत्यारें

आमच्या घराण्यांत हत्यार धरण्याची परंपरा नाहीं. पणजोबांनीं पळी-पंचपात्री धरली, आजोबांनीं लेखणी धरली, वडिलांनीं शाळेंत खडू धरला, आणि आम्हीं स्वतः पस्तीस वर्षें कचेरींतल्या फायलींची दोरी धरून सेवानिवृत्ति पत्करली. भिंतींत खिळा ठोकावयाचा झाला तरी 'माणूस बोलवा' हा आमच्या घरचा कुलाचार. अशा आम्हांवर वयाच्या बासष्टाव्या वर्षीं पुण्याच्या बोहरी आळींत एका दुकानाच्या पायरीवर बसून, दहा मिलिमीटरचा पाना उजेडांत फिरवून पाहण्याची पाळी आली. ती कशी आली, आणि तींतून आम्हीं काय शिकलों, हें सांगितल्यास एखाद्या कुटुंबाचे चार पैसे वांचतील, कदाचित् पैशांहून मोठेंही कांहीं वांचेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या थोरल्या बंधूंनीं १९९९ सालीं एक शंभर सी.सी.ची मोटारसायकल घेतली. जपानी धर्तीचें फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोल बेतानें पिणारी, आणि बंधूंसारखीच कधीं तक्रार न करणारी. तिच्यावर बसून त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली, मुलांना शाळेंत पोंचविलें, आणि पावसाळ्यांत आम्हांसही अनेकदां स्टेशनवरून घरीं आणिलें. २०२१ च्या साथींत ते गेले. गाडी जिन्याखालीं उभी राहिली. ती विकावी असें कोणी सुचविलें तर वहिनी कांहीं बोलत नसत. ती कोणी चालवावी असें म्हटलें तरीही बोलत नसत. दसऱ्याला मात्र तिला झेंडूचा हार चुकला नाहीं.

पुढें पुतण्याला भोसरीपलीकडे एका कारखान्यांत नोकरी लागली. रोजचें जाणें-येणें चाळीस किलोमीटर. नवी गाडी हप्त्यांनीं घ्यावी तर पगाराचा मोठा लचका जाणार, आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा खर्च तर दारांत उभा. अखेर जिन्याखालची गाडी बाहेर निघाली. पंधरा वर्षांनंतर लागणारें नोंदणीचें नूतनीकरण झालें, टायर बदलले, आणि वहिनींनीं एवढेंच म्हटलें, "वापर. पण नीट ठेव."

जुनी गाडी नीट ठेवणें म्हणजे तिचें पथ्यपाणी संभाळणें. मिस्त्रींचीं पहिलीं दोन-तीन बिलें आम्हीं जुन्या संवयीनें तपासलीं, तेव्हां असें दिसलें कीं बिलांतला मोठा भाग सुट्या भागांचा नसून हातकामाचा होता. आणि तें काम तरी कोणतें? सांखळी ताणणें, तेल बदलणें, प्लग पुसणें, ब्रेक जुळविणें. आम्हांपाशीं वेळ मुबलक, पुतण्यापाशीं उत्साह मुबलक. उणीव होती ती फक्त हत्यारांची. तीं आम्ही देऊं, असें आम्हीं मोठ्या थाटानें जाहीर केलें.

प्रथम आम्हीं माळा शोधिला. आमचे एक चुलते तरुणपणीं इंग्रजी बनावटीची मोटारसायकल फिरवीत. त्यांच्या पान्यांची कातडी गुंडाळी तेथें सांपडली. उत्तम पोलाद, अर्ध्या शतकानंतरही गंजाचा डाग नाहीं. फुकटांत काम झालें म्हणून आम्ही हर्षभरित झालों. पण एकही पाना गाडीला बसेना! एकावर 'पाव इंच' कोरलेलें, आणि त्याचें तोंड मोजलें तर भरलें १३ मिलिमीटरहून थोडें अधिक. पाव इंच म्हणजे सुमारें साडेसहा मिलिमीटर. मग हा दुप्पट कसा? पुढें उलगडा झाला तो असा. जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं स्क्रूच्या आट्यांचें एक प्रमाण घालून दिलें. त्या पद्धतींत पान्यावर आंकडा असतो तो बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. उलट मिलिमीटरच्या पान्यावरचा आंकडा हा तोंडाचीच रुंदी सांगतो. दोन्ही भाषा आपापल्या ठायीं शुद्ध. पण एकीचें व्याकरण दुसरीस लावूं गेल्यास अर्थाचा अनर्थ होतो. चुलत्यांची गुंडाळी आम्हीं तेल लावून परत माळ्यावर ठेविली.

नंतर आम्ही मोहास बळी पडलों. चकचकीत प्लास्टिकची पेटी, आंत शेचाळीस नग, आणि किंमत अवघी अकराशें रुपये! प्रत्येक नगाला पंचवीस रुपयेही पडत नव्हते. हिशेब चोख होता. चुकला होता फक्त हिशेब करणारा. त्या शेचाळीसांतल्या तीस नगांचा आमच्या गाडीशीं कांहीं संबंध नव्हता, आणि उरलेल्या सोळांचें लोखंड मऊ होतें. पहिल्याच रविवारीं तेल काढण्याच्या बोल्टावर पाना घसरला, आणि बोल्टचे सहाही कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला. तें आम्हीं हंसण्यावारी नेलें. पण त्याच दिवशीं दुसरी एक गोष्ट घडली, जी आमच्या ध्यानांतही आली नाहीं.

आम्हीं सांखळी ताणली. मागच्या आंसाचा नट सैल केला, चाक मागें ओढलें आणि नट पुन्हा आंवळला. आंवळतां आंवळतां पाना नटावरून सटकला. आम्हांस वाटलें, नट पुरता घट्ट झाला, म्हणूनच पाना सुटला! वस्तुतः पान्याचें तोंड पसरलें होतें. हलक्या हत्याराचा खरा दोष हा, कीं तें काम झालें नसतांना काम झाल्याची ग्वाही देतें. शिवाय चाक मागें ओढून धरणाऱ्या स्क्रूंवर जे दोन आंवळनट असतात, ते पुरते आंवळावयाचे असतात हें आम्हां दोघांसही ठाऊक नव्हतें. चवथ्या दिवशीं संध्याकाळीं पुतण्या घरीं आला तो गाडी ढकलीत. नट हळूहळू सैल पडले, चाक तिरकें झालें, सांखळी उतरली, आणि हिसक्यानें तो पडला. वेग कमी होता आणि मागून मोठें वाहन येत नव्हतें, म्हणून गुडघा आणि कोपर खरचटण्यावर निभावलें.

वहिनींनीं जखम धुतली, हळद लाविली. एक शब्द बोलल्या नाहींत. रात्रीं पाहतों तों गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती. ती देवघरांत, बाळकृष्णाच्या मागें ठेवलेली होती. ती तेथून मागण्याचें धैर्य ना पुतण्यास झालें, ना आम्हांस. दुसऱ्या दिवसापासून पुतण्या पहांटे उठून दोन बस बदलून कामावर जाऊं लागला, आणि आम्ही रोज सकाळचा चहा त्या देवघराकडे पाठ करून घेऊं लागलों.

चूक आमची होती. तेव्हां दुरुस्तीही आम्हींच करावयास हवी होती. ह्या वेळीं बाजारांत जाण्यापूर्वीं आम्हीं कागद घेतला. ज्यांना थोडक्या पैशांत हत्यारें घ्यावयाचीं आहेत त्यांस आमचें पहिलें सांगणें हेंच: दुकानाकडे पाहूं नका, गाडीकडे पहा. दीडशें रुपयांचा एक साधा व्हर्नियर आणून पुतण्यानें एका रविवारीं गाडीभोंवतीं बसून प्रत्येक नट-बोल्टचें डोकें मोजलें, आणि आम्हीं वहींत रकाने आंखून तें टिपून घेतलें. दोन पानांत गाडीचें सारें गोत्र उलगडलें. बहुतेक डोकीं दहाचीं. त्याखालोखाल बारा, चौदा, आठ. जपानी पद्धतींत सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टास दहाचें डोकें, आठच्या बोल्टास बाराचें आणि दहाच्या बोल्टास चौदाचें असा संकेत आहे. मग मध्येंच तेराचीं तीन डोकीं कोठून आलीं? तीं मूळचीं नव्हतींच. बाजारांत सुटा मिळणाऱ्या आठच्या बोल्टास बहुधा तेराचें डोकें असतें. कोणा मिस्त्रीनें हरवलेल्या बोल्टच्या जागीं तो बसविला होता. बाराचा पाना त्यांवर चढणार नाहीं आणि चौदाचा कोपरे खाईल. म्हणून यादींत तेराही आला. षट्कोनी खांचेचा एकही बोल्ट गाडीस निघाला नाहीं. म्हणून अ‍ॅलनच्या किल्ल्या यादींतून गेल्या.

पान्याचा प्रकार कोणता घ्यावा, हा पुढचा प्रश्न. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, बोल्टच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. जोर वाढला कीं तोंड पसरूं पाहतें. रिंग पाना सहाही कोपऱ्यांस कवेंत घेतो. म्हणून जाम झालेला बोल्ट सोडवितांना आणि शेवटचा पीळ देतांना रिंग वापरावी, आणि सैल झालेला बोल्ट भराभर फिरविण्यास उघडें तोंड. ज्याच्या एका टोंकास रिंग आणि दुसऱ्यास त्याच मापाचें उघडें तोंड असतें, असा जोडपाना मिळतो. गरिबाच्या पेटींत तोच खरा. स्क्रूनें मागें-पुढें होणारा पाना 'एकांत सगळीं मापें' म्हणून भुरळ घालतो; त्याचा जबडा किंचित् सैल राहतोच, आणि कोपरे झिजविण्यांत त्याचा हातखंडा आहे.

स्क्रू-ड्रायव्हर ही वस्तु तर आम्ही जन्मभर एकच समजत आलों. परंतु अधिकाच्या चिन्हाची खांचही दोन जातींची असते. अमेरिकेंतून आलेली फिलिप्स ही एक, आणि जपानी प्रमाणाची दुसरी. दिसावयास जुळ्या बहिणी. पण जपानी खांचेंत फिलिप्सचें टोंक तळापर्यंत बसत नाहीं, आणि पीळ दिला कीं वर चढून खांच कुरतडतें. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदां एक बारीक ठिपका असतो, ती त्याची खूण. इंजिनच्या झांकणाचे स्क्रू बिघडलेले आपण पाहतों, त्यांतले कित्येक ह्याच गैरसमजाचे बळी. जपानी टोंकाचा नंबर दोनचा आणि नंबर तीनचा असे दोन घेतले कीं भागतें. अडलेल्या स्क्रूवर तें टोंक दाबून धरून मागून हातोडीची एक टिचकी द्यावी. बहुधा तो ऐकतो.

अशी यादी हातीं घेऊन, तीन हजार रुपये खिशांत टाकून, आम्ही काका-पुतणे बोहरी आळींत गेलों. जाण्यापूर्वीं बाजारांतून दहा, बारा आणि चौदा डोक्यांचे कोरे बोल्ट मात्र बरोबर घेतले. पाना कोऱ्या बोल्टवर चढवून हलवून पहावा. खुळखुळला तर परत द्यावा. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरें कोणीही उमटवूं शकतो, पण बोल्ट खोटें बोलत नाहीं. नाशिक-जालंधरकडे बनणारे, बनविणाऱ्याचें नांव कोरलेले, चकाकी थोडी कमी असलेले पाने आम्हीं संच न घेतां सुटे निवडले.

जमाखर्च असा झाला. आठ, दहा, बारा, तेरा, चौदा आणि सतरा असे सहा जोडपाने ६५० रुपये. आठ, दहा, बाराचे तीन टी-पाने ४५०. आंसाच्या नटाचें माप मोजून घेतलेला लांब दांड्याचा रिंग पाना २५०. जपानी टोंकाचे दोन आणि चपट्या टोंकाचा एक असे स्क्रू-ड्रायव्हर ३८०. पकड २७०. आमच्या गाडीच्या प्लगचे आटे दहा मिलिमीटरचे, त्यास सोळाचा नळीसारखा प्लग-पाना १२०. टॅपेटची फट मोजावयाच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, १६०. नायलॉनच्या तोंडाची हातोडी २४०. दुभंगी पिना आणि वॉशर ६०. आधींच्या व्हर्नियरचे १५० धरून एकूण २,७३० झाले. उरलेल्या २७० रुपयांत सांखळीचें तेल आलें. गोटी पान्यांचा मोठा संच, चाक-दाते ओढून काढण्याचीं हत्यारें वगैरे जें वर्षांतून एकदां लागेल तें मिस्त्रीकडेच राहूं द्यावें, असें ठरविलें. झिजलेला बोल्टही आम्हीं त्यांच्याकडूनच काढवून नवा बसविला. आपल्याला काय येत नाहीं हें ओळखणें, हेंही पेटींतलें एक हत्यारच. आणि तें फुकट मिळतें.

एक वस्तु मात्र ऐपतीबाहेरची होती: पीळ मोजणारा टॉर्क रेंच. बरा घ्यावा तर आमची सारी रक्कम त्यांतच संपती. आणि आमचें भांडण तर सगळें पिळाचेंच होतें! किती आंवळावें ह्याचे आंकडे दुरुस्तीच्या पुस्तकांत असतात. ह्या जपानी पद्धतीच्या गाड्यांत साधारण सहाच्या बोल्टास १० न्यूटन-मीटर, आठच्यास २२, दहाच्यास ३४; आणि आंसासारख्या महत्त्वाच्या नटांस त्यांचे स्वतंत्र आंकडे. दहा न्यूटन-मीटर म्हणजे ढोबळ मानानें एक मीटर लांब दांड्याच्या टोंकास एक किलोचा जोर. किंवा दहा सेंटिमीटरवर दहा किलोचा. हें कळल्यावर आम्हांस घरांतला एक कांटा आठवला. आमच्या कन्येकडे परदेशीं जातांना बॅगा तोलण्यासाठीं घेतलेला, हुकाचा. तो हूक पान्याच्या टोंकास अडकवावयाचा, बोल्टच्या मध्यापासून अंतर मोजावयाचें, आणि पान्याशीं काटकोन ठेवून ओढावयाचें. वीस सेंटिमीटरवर अकरा किलो आले कीं आठच्या बोल्टास पुरेसा पीळ बसला. टॉर्क रेंचची अचूकता ह्यांत नाहीं. पण 'माझ्या मनानें घट्ट' ह्यापेक्षां ही रीत शतपट बरी. पहिल्यांदां कांटा लावला तेव्हां कळलें, कीं लहान बोल्ट आम्ही फार जास्त आंवळीत होतों आणि मोठे फार कमी.

रविवारीं सकाळीं अंगणांत जुनें धोतर अंथरून आम्ही कामास बसलों. गाडी मधल्या स्टँडवर. सुटे नट-वॉशर घरंगळूं लागले, तोंच ओट्यावरून वहिनी आल्या आणि त्यांनीं आमच्यापुढें एक डबा ठेविला. त्यांचा जुना मिसळणाचा डबा, आंत सात वाट्या. अजून मोहरी-हिंगाचा वास येत होता.

"भाऊजी, एका जागचें एका वाटींत ठेवा," त्या म्हणाल्या. "फोडणीच्या वेळीं शोधाशोध करायची नसते."

त्या पायरीवर बसल्या. गाडी सुरू झाल्यापासून त्या तिच्या इतक्या जवळ आलेल्या आम्हीं पाहिल्या नव्हत्या. आम्हीं सांखळी ताणली. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळविल्या. आंसाचा नट कांटा लावून पुस्तिकेच्या आंकड्यापर्यंत नेला. आंवळनट घट्ट केले. टॅपेटची फट इंजिन थंड असतांनाच पाहिली. तेल भरलें. एकेक वाटी रिकामी होत गेली. पुतण्या हात पुसून म्हणाला, "काका, झालें."

"नाहीं झालें," वहिनी म्हणाल्या. "एका वाटींत अजून कांहीं आहे."

आम्हीं वाकून पाहिलें. वाटीच्या तळाशीं एक नवी दुभंगी पिन होती. मागच्या ब्रेकची तबकडी चाकाबरोबर फिरूं नये म्हणून तिला एक पट्टी धरून ठेवते. त्या पट्टीच्या नटांतून आरपार घालावयाची ही पिन. ती नसती तरी गाडी सुरू झाली असती, चार दिवस धांवलीही असती. पण हादऱ्यानें तो नट गळाला असता, आणि मग एखाद्या उतारावर ब्रेक दाबतांच सारी तबकडी चाकासरशीं गरकन् फिरली असती. त्यानंतर काय, तें आम्हीं मनांतही पुरतें आणलें नाहीं. पिन घातली, तिचे दोन्ही पाय पकडीनें दुमडले. पुतण्या मान वर करीना.

वहिनींनीं सातही वाट्या एकेक करून उपड्या केल्या, पदरानें पुसल्या आणि डब्यांत परत बसविल्या. आम्ही डबा परत देऊं लागलों, तर म्हणाल्या, "राहूं दे तो हत्यारांपाशींच. मला दुसरा आहे."

तिसऱ्या प्रहरीं आम्ही आंत गेलों, तेव्हां किल्ली खुंटीवर होती.

त्या गोष्टीस आतां वर्ष होत आलें. दर रविवारीं पंधरा मिनिटें सांखळी, ब्रेक, आणि आंसाचे नट पाहण्याचा नेम आहे. शेवटीं वाट्या मोजण्याचाही. खंडेनवमीस आमच्या घरीं पूर्वीं पोथ्या आणि लेखण्या पाटावर मांडीत. यंदां वहिनींनीं त्यांच्या शेजारीं पाने ओळीनें मांडले, आठपासून चढत्या क्रमानें, आणि हळदकुंकू वाहतां वाहतां थांबून विचारलें, "भाऊजी, तेराचा कोठें आहे?"

तेराचा शेजाऱ्यांकडे उसना गेला होता. तो आणल्यानंतरच पूजा पुढें झाली.